आईचा नवस, माझे नऊ बुधवार

आई नवस बोलली तेव्हा मी तिच्याजवळच होते. हॉस्पिटलच्या जिन्यात, तिच्या शेजारच्या पायरीवर.

मागच्या वर्षीचा सप्टेंबर. माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता. चौदा वर्षांचा पोरगा, उंचीने माझ्या डोक्याला लागलेला, पण त्या खाटेवर एवढासा दिसायचा. सकाळी रक्त घेऊन जायचे, दुपारी प्लेटलेटचा आकडा कळायचा आणि तो कालच्यापेक्षा कमीच निघायचा. चौथ्या दिवशी वीस हजारांच्या खाली गेला. डॉक्टर म्हणाले, सलाईन चालू आहे, लक्ष ठेवून आहोत, अजून चोवीस तास बघू. आई काही न बोलता उठली, बाहेर जिन्यात येऊन बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "माउली, पोरगं घरी येऊ दे. माहीमचे नऊ बुधवार करीन. तुझ्या जन्मदिवसाला अनवाणी चालत मोतमाउलीला येईन, मेणाचं बाळ वाहीन."

पोरगं आठव्या दिवशी घरी आलं.

आई मूळची श्रीरामपूरकडची. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली, मोठी झाल्यावर स्वतःच्या पायाने. लग्न होऊन चेंबूरला आली आणि वांद्र्याच्या डोंगरावरची मोतमाउली, म्हणजे माउंट मेरी, बघितली तेव्हा तिला परकं असं काही वाटलंच नाही. दोन्हीकडे सण ८ सप्टेंबरचाच, मरियामातेच्या जन्माचा. पोर्तुगीज डोंगराला 'मोंते' म्हणायचे, त्याचं कोळ्यांच्या तोंडी 'मोत' झालं असं जाणकार सांगतात. आईला ते कधी पटलं नाही. मोत म्हणजे मोती, माउली समुद्रातून आली म्हणून मोत्याची, असं तिचं म्हणणं. कोळ्यांची कथाही तीच आहे. एका कोळ्याला स्वप्नात दिसलं आणि मूर्ती पाण्यावर तरंगताना सापडली.

माहीमच्या चर्चमधला नववा बुधवार सणाच्या जवळ यावा म्हणून पुढच्या जुलैत सुरुवात करायचं आईने ठरवलं होतं. जानेवारीत तिला पक्षाघाताचा झटका आला.

उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आपण बोलतो ते तिला सगळं समजतं, पण सांगायचं असतं एक आणि तोंडातून निघतं भलतंच. पाणी हवं असतं आणि 'मंगळ' म्हणते. चुकलं हे तिलाही कळतं, मग डोळे मिटून घेते. याला वाचाघात म्हणतात हे मला तेव्हा कळलं. महिनाभराने एका संध्याकाळी आम्ही घरात रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणत होतो. मी 'नमो मारिया' सुरू केलं आणि शेजारच्या खुर्चीतून आईचा आवाज आला. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, कुठे अडखळली नाही. मुलाच्या हातातली माळ खाली पडली. नंतर स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं की जन्मभर पाठ असलेलं म्हणणं आणि नवीन वाक्य जुळवून बोलणं या मेंदूच्या दोन निराळ्या वाटा आहेत. पुष्कळ पेशंटचं बोलणं जातं, पण प्रार्थना, गाणी, आकडे मोजणं राहतं. माझ्या आईकडे अख्खी रोझरी शाबूत होती आणि माझं नाव मात्र तिला घेता येत नव्हतं.

जूनमध्ये ती मला रोज ओढून भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी न्यायला लागली. पान उलटायला लावायची आणि जुलैच्या पहिल्या बुधवारवर डाव्या हाताचं बोट ठेवायची. मी विचारायची, डॉक्टर? पेन्शन? कुणाची पुण्यतिथी? ती मान हलवून नाही म्हणायची. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, बुधवार गं. आजी नवसाचं म्हणतेय."

आईला माहीमपर्यंत नेणं शक्य नव्हतं. तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायलाच दोन माणसं लागतात. मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडे गेले आणि विचारलं, आईचा नवस मी फेडला तर चालतो का? फादरांनी सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. चर्चच्या कायद्याप्रमाणे नवस बांधतो तो फक्त बोलणाऱ्याला. मुलीवर त्याचं काही ओझं येत नाही. आणि बोलणाऱ्याला तो फेडणं अशक्यच झालं, तर योग्य कारण असेल तेव्हा पॅरिशचा फादर त्यातून मोकळं करू शकतो. "तुमच्या आईंना मी आजच मोकळं करायला तयार आहे. घरी येऊ का?"

मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऑफिस, स्वयंपाक, आईचं सगळं, त्यात नऊ आठवडे माहीमची वारी. फादर आले, आईजवळ बसले, शांतपणे सगळं समजावून सांगितलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. फादरांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. फादर उठताना म्हणाले, "मग तुम्ही जा. पण जाऊन आलात की त्यांना सगळं सांगा. काही गाळू नका."

तेवढं मी पाळलं.

ऑफिस सीएसएमटीजवळ. बुधवारी साहेबांना सांगून अर्धा तास लवकर निघायचं, हार्बरची गोरेगाव गाडी पकडायची, माहीमला उतरून लेडी जमशेटजी रोडने सेंट मायकल चर्च गाठायचं. बुधवारी त्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात हे टॅक्सीवाल्यांना पाठ आहे. माझा सगळा जन्म मुंबईत गेला, त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले असेन. पण बसच्या खिडकीतून चर्चकडे बघून कपाळावर क्रूस करणं वेगळं आणि पावसात चपला ओल्या करत तिथे जाणं वेगळं.

चर्च पोर्तुगिजांच्या काळातलं, सोळाव्या शतकातलं. आजची इमारत १९७३ सालची आहे, साधी, मोठी, हवेशीर. इथला बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाला. तो दिवसही बुधवारच होता. तेव्हापासून दिवसभर एकामागून एक प्रार्थना चालतात. आत शिरलं की कुणाची जात, कुणाचा धर्म कळत नाही. माझ्या उजव्या हाताला पहिल्या बुधवारी मंगळसूत्र आणि मोठं कुंकू लावलेल्या एक काकू होत्या, हातात झेंडूचा हार. डाव्या हाताला बुरखा घातलेली एक तरुण मुलगी, डोळे मिटलेले. मधल्या वाटेवरून एक माणूस गुडघ्यांवर सरकत वेदीकडे चालला होता. त्याच्या पँटचे गुडघे ओले होते, बाहेरच्या पावसाने की घामाने कोण जाणे. त्याला कुणीही थांबून बघत नव्हतं. ते मला फार बरं वाटलं.

आणि ते चित्र. सतत साहाय्य करणाऱ्या मातेचं. मूळ चित्र रोमला सेंट अल्फोन्ससच्या चर्चमध्ये आहे. १८६६ मध्ये नववे पोप पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरूंच्या हवाली केलं आणि तिचा महिमा सगळीकडे पोचवा असं सांगितलं. आमच्या घरात त्याची तसबीर माझ्या जन्माआधीपासून आहे. पण मी ते नीट बघितलं ते तिसऱ्या बुधवारी, गर्दीत खांबाआड उभी होते आणि समोर फक्त तेवढंच दिसत होतं म्हणून. बाळ येशू आईच्या कडेवर आहे, पण आईकडे बघत नाही. मान वळवून मागे बघतोय. मागे दोन देवदूत. गॅब्रिएलच्या हातात क्रूस आणि खिळे, मायकलच्या हातात भाला आणि स्पंज. बाळाला त्याचं पुढचं मरण दिसलंय. घाबरून तो आईकडे झेपावलाय, दोन्ही हातांनी तिचा हात धरलाय, आणि त्या घाईत एका पायातली वहाण सुटून नुसत्या बंदावर लोंबतेय. आई त्या देवदूतांकडे बघत नाही, बाळाकडेही नाही. आपल्याकडे बघते.

माझ्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलमधली खाट आली. सलाईनची सुई बदलायला नर्स आली की माझा चौदा वर्षांचा पोरगा माझी दोन बोटं घट्ट धरायचा. एकदा त्याचा पाय चादरीबाहेर आला होता आणि हॉस्पिटलची रबरी चप्पल अंगठ्याला अडकून लोंबत होती. त्या वेळी ती काढावी एवढंही मला सुचलं नव्हतं. सगळं चर्च गाणं म्हणत होतं आणि मी खांबाला धरून रडले. घरी येऊन आईला ती वहाण सांगितली. तिने तसबीर काढून आणायला लावली, मांडीवर ठेवली आणि त्या वहाणेवरून बोट फिरवत बराच वेळ बसली.

प्रत्येक बुधवारी हेच चालायचं. मी आले की पाय धुऊन आधी तिच्यापुढे बसायचं आणि जे झालं ते सांगायचं. नोव्हेनात लोकांनी पाठवलेली पत्रं वाचतात, काही मागण्यांची, काही आभाराची. मी ती लक्षात ठेवायचा प्रयत्न करायची. कुणाला आठ वर्षांनी मूल झालं, कुणाची दारू सुटली, कुणाला कामाचा व्हिसा मिळाला, कुणाचा भाऊ कोर्टातून सुटून घरी आला. आई ऐकताना मान डोलवायची. सगळं ऐकून झालं की डाव्या हातात पेन्सिल घ्यायची आणि कालनिर्णयवर त्या बुधवारच्या चौकोनात क्रूस काढायची. आधी आडवी रेघ, मग उभी. हात थरथरायचा, रेघ शेजारच्या गुरुवारात जायची. पण रोज काहीतरी लिहायचा प्रयत्न करा असं थेरपिस्ट बाई सहा महिने सांगत होत्या आणि आई पेन्सिल हातातच घेत नव्हती. या क्रूसांसाठी तिने ती घेतली.

सातव्या बुधवारी मुंबई बुडाली. दुपारपासून पाऊस कोसळत होता. ऑफिसने चारलाच सोडलं आणि सगळे घरी पळाले, मी गोरेगाव गाडीत बसले. वडाळ्याला गाडी थांबली ती थांबलीच. तासाभराने लोक रुळांवर उतरायला लागले. तिथून चेंबूर आणि माहीम दोन्ही लांबच होती. मी माहीमच्या दिशेने चालायला लागले. किंग्ज सर्कलला पाणी मांडीला लागत होतं. दुभाजकाला धरून, पुढच्या माणसाच्या पाठीवर डोळे लावून चालले. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. चर्चपाशी पोचले तेव्हा शेवटची प्रार्थना आटोपली होती. आत चार-पाच स्वयंसेवक ओल्या फरशीवर पोचे फिरवत होते. एका काकांनी मला बघितलं, काही विचारलं नाही, एक बाक पुसून दिलं. मी पाचेक मिनिटं चित्रासमोर बसले. प्रार्थना वगैरे काही सुचली नाही. अंगावरून पाणी निथळत होतं आणि मी सोबत आणलेल्या एकाच विचारात होते, की हा बुधवार धरायचा का नाही.

रात्री अकराला घरी पोचले. आई जागी होती. फादरांनी सांगितल्याप्रमाणे काही गाळलं नाही. प्रार्थना चुकली हेही सांगितलं, चर्चमध्ये बसले तेही सांगितलं. तिने माझे पाय बघितले, ओल्या केसांवरून हात फिरवला. मग पेन्सिल मागितली. आडवी रेघ काढली. उभी काढली नाही. पेन्सिल खाली ठेवली.

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण माझी आई अशीच आहे. तिने जन्मभर दुधाचा हिशेबही असाच ठेवला, अर्ध्या लिटरचा खाडा असला तर अर्धीच खूण.

नवव्या बुधवारी मी आभाराचं पत्र लिहिलं, आईच्या वतीने. मुलाचं दुखणं, बोललेला नवस, तो कुणी फेडला, सगळं चार ओळींत. पत्र संपलं आणि पेन थांबेना. आभाराच्या पत्रात मागणं घालू नये असं मला वाटतं, दोन्ही गोष्टी एका ताटात वाढण्यासारखं ते आहे. तरी शेवटी एक ओळ लिहिलीच: आईला माझं नाव घेता येऊ दे. पत्राची घडी करून पेटीत टाकली. हेही आईला सांगितलं. त्यावर तिने काहीच केलं नाही, फक्त माझा हात धरून बसली.

८ सप्टेंबरला पहाटे मी आणि मुलगा माहीमला गेलो. चपला पिशवीत टाकल्या आणि सेंट मायकलच्या दारातून चालायला लागलो. वाट मुद्दाम तीच निवडली. १७३८-३९ च्या मराठे-पोर्तुगीज लढाईच्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरचं प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त झालं, तेव्हा माउलीची मूर्ती याच माहीमच्या चर्चमध्ये आणून ठेवली होती. १७६१ मध्ये ती परत वांद्र्याला गेली. म्हणजे वीसएक वर्षं ती स्वतःच घर सोडून माहीमला राहिली होती. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग ती गेली कशी? कॉजवेवरून?" कॉजवे तेव्हा नव्हता. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती, तेव्हा ती होडीनेच गेली असणार. पुढे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने, लेडी जमशेटजींनी, कॉजवेसाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि अट घातली की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो खुला झाला. ज्या रस्त्याने मी नऊ आठवडे चालत होते त्याला त्याच बाईंचं नाव आहे. एका पारशी बाईंनी बांधलेल्या वाटेवरून आम्ही माउलीकडे चाललो होतो.

कॉजवेवर उजाडलं. डाव्या हाताला समुद्र आणि सी लिंक, उजवीकडे मिठी आणि तिवरं. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. खडी पायाला टोचत होती. मुलगा दोनदा थांबला, तळवा वर करून बघितला, पण चप्पल मागितली नाही. आमच्या पुढे-मागे लोक होते. काष्ट्याची लुगडी नेसलेल्या, केसांत अबोली माळलेल्या चार कोळणी झपझप चालत आमच्यापुढे गेल्या. त्यांच्याही पायांत काही नव्हतं. हिल रोडने सेंट अँड्र्यूजपर्यंत गेलो. ते १५७५ चं चर्च. त्याच्या आवारात दोन मिनिटं टेकलो, पाणी प्यायलो, मग चढ. सगळी मिळून चार-साडेचार किलोमीटरची वाट असेल, आम्हाला दोन तास लागले.

जत्रा पुढच्या रविवारी सुरू व्हायची होती, मंडपाचे बांबू उभे राहत होते. मेणाच्या वस्तूंची दुकानं मात्र लागली होती. हात, पाय, डोळे, हृदय, घर, विमानसुद्धा. मी बाळ मागितलं. दुकानातल्या मावशींनी विचारलं, "केवढा आहे मुलगा?" मी मुलाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग बाळ कशाला? हा घ्या," आणि अख्ख्या माणसाची मेणाची आकृती पुढे केली. मी दोन हातांत दोन्ही धरून उभी राहिले. चौदा वर्षांचा मुलगा बाळही नाही आणि माणूसही नाही. त्यानेच माझ्या हातातून माणूस काढून परत ठेवला. "आजी बाळ म्हणाली होती."

तेवढ्यात मला तिथे मेणाचं डोकं दिसलं. फक्त डोकं, मिटलेले ओठ. हात गेला, किंमतही विचारली. मग वाटलं, हे आईने बोललेलं नाही. हा नवस तिचा आहे आणि तो झालेल्या गोष्टीचा आहे. माझं जे मागणं होतं ते माहीमच्या पेटीत टाकून झालं होतं. डोकं मी परत ठेवलं.

आजचं चर्च १९०४ चं, दगडी, दोन मनोऱ्यांचं. आत मिस्सा चालू होती. माउली वर, सोनेरी वस्त्रात, कडेवर बाळ. रांग हळूहळू सरकत होती. मुलाने मेणाचं बाळ दोन्ही तळहातांवर धरलं होतं. हातांच्या उबेने मेण मऊ झालं आणि बाळाच्या पाठीवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले. वेदीपाशी स्वयंसेवकाने हात पुढे केला तेव्हा त्याने ते पटकन सोडलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दिलं.

बाहेर येऊन कठड्यापाशी बसलो, समोर समुद्र. चपला घातल्या तेव्हा पाय सुजल्याचं कळलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. कोळणी, लेडी जमशेटजी, मेणाचं बाळ, परत ठेवलेलं डोकं. मुलाने हात पुढे केला, आजीने त्याच्या बोटांचा वास घेतला. मेणाचा वास अजून होता. मी पेन्सिल आणली. आईने ८ तारखेच्या चौकोनात क्रूस काढला. या वेळी रेघ शेजारच्या घरात गेली नाही. मला वाटलं, फिटलं. मी पेन्सिल घ्यायला हात पुढे केला.

तिने दिली नाही. पान मागे उलटायची खूण केली. मी ऑगस्टचं पान पुढे आणलं. तिने सातव्या बुधवारवर, त्या एकट्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

दोन दिवसांनी बुधवार होता. मी ऑफिसातून अर्धा तास लवकर निघाले, गोरेगाव गाडी पकडली, माहीमला उतरले. पाऊस नव्हता. पूर्ण प्रार्थना केली, पत्रं ऐकली, शेवटचं गाणं संपेपर्यंत थांबले. घरी येऊन पाय धुतले, आईपुढे बसून सगळं सांगितलं. तिने ऑगस्टच्या पानावर उभी रेघ काढली.